कलम २१ पुरेसं आहे, पण मुदतीचं काय?
इथल्या चर्चेत एका भाऊंनी लिहिलंय की राज्यघटनेत स्वच्छ पर्यावरणाचा हक्क नाहीच, कलम ४८अ (सरकारने पर्यावरण जपावं) नुसतं मार्गदर्शक तत्त्व, म्हणजे सरकारला दाखवलेली दिशा. अर्धं खरं. ४८अ आणि ५१अ(ग) (पर्यावरण जपण्याचं नागरिकांचं कर्तव्य) १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने आले आणि त्यांच्या जोरावर थेट कोर्टात जाता येत नाही. पण सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य (१९९१) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा कलम २१ च्या जगण्याच्या हक्कात धरली. त्यामुळे वेगळं कलम हवंच, असं मला तरी वाटत नाही.

आमचं घोडं वेगळीकडेच अडलं. गाव जळगाव जिल्ह्यात, तापीकाठी. शेजारच्या एका कारखान्याचं पाणी नाल्यात आलं, केळीच्या बागेतल्या विहिरीला वास यायला लागला. आम्ही ग्रामपंचायत, तहसील असे अर्ज करत बसलो (पोचपावत्यांची फाईल अजून माळ्यावर आहे!). वर्षाने वकील म्हणाले, राष्ट्रीय हरित लवादाच्या (पर्यावरणाचे तंटे सोडवणारं न्यायपीठ) कायद्यातल्या कलम १४ खाली तंट्याचं कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांत जायचं असतं, सबळ कारण असेल तर वर फार तर ६० दिवस. नुकसानभरपाईसाठी मात्र कलम १५ खाली पाच वर्षं मिळतात. लवादाचं खंडपीठ पुण्यात आहे. अर्ज जरूर करा, पण पहिल्याच दिवशी तारीख लिहून ठेवा.