करिअर ठरलेले नसताना पदवीचा मुख्य विषय कसा निवडला? – अनुभव धागा

माझा भाचा यंदा विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाला असून, पुढे काय, असे विचारले की तो प्रामाणिकपणे 'ठरलेले नाही' असे सांगतो. त्यामुळे घरात जो तो त्याला सल्ला देत सुटला आहे. पुण्यात ज्यांनी नेमके काय व्हायचे हे न ठरवता पदवीला प्रवेश घेतला, त्यांनी विषय कशाच्या आधारावर निवडला आणि पुढे काय झाले, हे कृपया लिहावे. कोणते महाविद्यालय नामांकित, ही चर्चा येथे नको.

संख्याशास्त्राची पदवीधर, कोथरूड

आमच्या वेळी पुणे विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या वर्षी चार विषय, दुसऱ्या वर्षी तीन आणि तिसऱ्या वर्षी एकच विषय असे. मी भौतिकशास्त्र, गणित, संख्याशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स घेतले होते. गुण भौतिकशास्त्रात सर्वाधिक पडत, म्हणून घरच्यांनी तोच विषय गृहीत धरला होता. परंतु भौतिकशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मी मैत्रिणीची रीडिंग्ज सर्रास उतरवून घेत असे, आणि संख्याशास्त्राच्या प्रॅक्टिकलला पॉयसाँ वितरण (घटना किती वेळा घडेल याचे संभाव्यतेचे सूत्र) आकडेवारीला बसवताना अपेक्षित वारंवारतांची बेरीज जुळली नाही, तर बाकीच्या मुली जर्नलवर सही घेऊन कँटीनला गेल्या तरी मी कॅल्क्युलेटर घेऊन तिथेच बसून राहत असे. कंटाळवाणे कामही आपण कोणत्या विषयात न कुरकुरता करतो, हे गुणपत्रिकेवर दिसत नाही. आज मी औषधांच्या चाचण्यांच्या आकडेवारीचे विश्लेषण करते. असे काम असते हेच मला टीवायपर्यंत, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत, ठाऊक नव्हते.

प्राध्यापक, पुणे

वरील रचना आता बदलली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आमच्याकडे विद्यार्थी पहिल्या वर्षी तीन विषय सारख्याच वजनाने शिकतो आणि दुसऱ्या वर्षी त्यांतला एक मेजर (मुख्य विषय) व एक मायनर (दुय्यम विषय) म्हणून निवडतो. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स अशी सोय आहे. मात्र एका वर्षाच्या प्रमाणपत्रावर नोकरीच्या बाजारात फारसे काही मिळेल, या भ्रमात राहू नये. प्रवेश घेण्यापूर्वी दोन गोष्टी कार्यालयात विचाराव्यात: कोणते तीन विषय वेळापत्रकानुसार एकत्र घेता येतात, आणि मेजरला मागणी जास्त असल्यास जागा कशाच्या आधारे देतात. माहितीपुस्तिकेत विषय भरपूर दिसतात, प्रत्यक्षात जोड्या ठरलेल्या असतात.

करमाळ्याहून आलेला, आता नोकरदार

कोथरूडच्या ताईंचे म्हणणे पटते, पण ते निवांतपणे विषय चाखून बघण्याची सवड असणाऱ्यांसाठी आहे. मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहत होतो आणि मेसचे पैसे उसाच्या बिलावर अवलंबून होते. त्यामुळे आवडीपेक्षा, तीन वर्षांनंतर या विषयावर लगेच काय करता येईल, हा प्रश्न मी आधी विचारला. बी.ए.ला अर्थशास्त्र घेतले, कारण ते राज्यसेवा परीक्षेच्या अभ्यासक्रमातही होते आणि बँकेच्या मुलाखतीतही उपयोगी पडणार होते. परीक्षेत यश आले नाही, बँकेत आले. विषयाची गोडी मला पदवीनंतर, पीककर्जाच्या फाइली हाताळताना लागली. गोडी आधीच असली पाहिजे, या आग्रहामुळे मुले उगाच अडून बसतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

रसायनशास्त्रातून भाषाविज्ञानाकडे

माझा अनुभव थोडक्यात सांगतो. बी.एस्सी. रसायनशास्त्र केल्यावर मी डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाच्या एम.ए.ला प्रवेश घेतला. तिथे कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. विज्ञानातून कलाशाखेकडे असे वळता येते, उलट दिशेने सहसा येता येत नाही. म्हणून ज्याचे काहीच ठरलेले नाही, त्याने निदान गणित सोडण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

एका मुलीची आई, औंध

आम्ही आधी मुलीची अभिक्षमता चाचणी करून घेतली. अहवालातून तिचा कल समजला, विषय समजला नाही, आणि चाचणीकडून त्याहून अधिक अपेक्षा ठेवणे योग्यही नव्हे. मग तिने शक्य असलेल्या प्रत्येक विषयाच्या पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळवल्या. उत्तरे येण्याचा प्रश्नच नव्हता. कोणत्या प्रश्नांची उत्तरे जाणून घ्यावीशी वाटतात, एवढेच तिने पाहिले. भूविज्ञान आमच्या कोणाच्या डोक्यात नव्हते. परंतु दख्खनचा बेसॉल्ट (काळा खडक) थरांथरांचा का दिसतो, त्याच्या पोकळ्यांमध्ये झिओलाइट ही खनिजे कशी तयार होतात, हे वाचल्यावर ती लगोलग वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीत जाऊन थर पाहून आली. सध्या ती दुसऱ्या वर्षाला आहे आणि पुढे भूजल की खनिजे, हे अजूनही ठरलेले नाही. प्रश्नपत्रिकांचा संच तिने जपून ठेवला आहे. आपल्या भाच्याला हवा असल्यास अवश्य कळवावे.