कादंबरीवरून खेळ : नायक नकोत, नियम हवेत

कादंबरीवर बेतलेल्या भूमिका-खेळात (टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र वठवायचे आणि कृतीचे यशापयश फाशांनी ठरवायचे, असा खेळ) कादंबरीतले मूळ नायकच खेळाडूंच्या हाती द्यावेत, असे काहींचे मत असते; ते मला पटत नाही. शेवट आधीच ठाऊक असला की फासे टाकण्यातली गंमतच निघून जाते. त्यापेक्षा कथेचा भाव नियमांत उतरायला हवा. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा लेखक टोल्किन याच्या जगावर बेतलेल्या, १९८४ साली आलेल्या 'मिडल-अर्थ रोल प्लेइंग'चे नियम 'रोलमास्टर' या आधीच्या खेळातून सोपे करून घेतलेले होते, त्यामुळे जखमांचे तक्ते भरपूर असले तरी जादू मूळ कथेच्या मानाने फारच सढळ हाताने वाटली गेली. याउलट २०११ च्या 'द वन रिंग'मध्ये प्रवासाचा शीण, आशा आणि मनावर चढत जाणारी सावली यांनाच नियमांत स्थान आहे. सांगलीत आमच्या टेबलावर (भडंगाचे तेलकट हात पात्रपत्रिकेला, म्हणजे पात्राचे गुण लिहिलेल्या कागदाला, लावू नयेत, ही विनंती दर वेळी वाया जाते) आशेचा शेवटचा गुण (हा खर्चून फाशांच्या निकालाला जोर देता येतो) नदी ओलांडताना खर्चावा की पुढच्या लढाईसाठी राखावा, यावरच बराच वेळ वाद रंगला होता.