बसून बीपी 128, उठताना अंधारी: बाबांची गोळी वाढवावी का?

दांडियाबाजारकर: नमस्कार. बाबा 76 वर्षांचे, इथे बडोद्यातच आमच्याबरोबर असतात. मधुमेह जुना, मेटफॉर्मिन चालू. बीपीला अॅम्लोडिपिन 5, प्रोस्टेटसाठी रात्री टॅम्सुलोसिन. घरच्या यंत्रावर बसून 128/74 येतं. पण पहाटे लघवीला उठताना आणि दुपारच्या जेवणानंतर डोळ्यांपुढे अंधारी येते. कमाटीबागेतली फेरीही अर्ध्यावर सोडतात. वरचा आकडा 120 च्या खाली ठेवला तर स्मरणशक्ती टिकते म्हणतात. डॉक्टरांना गोळी वाढवायला सांगावं का?

नाडीपट्टा: आधी उभ्याचं बीपी मोजा, वाढवायचं नंतर बघू. पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा मोजा, मग उभं करून 1 आणि 3 मिनिटांनी. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर उभं राहताना बीपी पडतंय हे नक्की. नाडीही लिहा. बीपी पडूनही नाडी जेमतेम वाढत असेल, तर मधुमेहाने मज्जातंतू (नर्व्ह) निकामी झाल्याची शंका घ्यावी. पहाटे उठल्या उठल्या आणि जेवणानंतर तासाभराने, असं तीन दिवस करा. जवळ कोणीतरी उभं राहा. टॅम्सुलोसिनने रक्तवाहिन्या सैलावतात, त्यामुळे पहिला संशय तिच्यावर. तरी कुठलीच गोळी स्वतःहून बंद करू नका, आकड्यांचा कागद घेऊन डॉक्टरांकडे जा.

सांजफेरी: 120 चा आकडा स्प्रिंट या अमेरिकेतल्या चाचणीतला. 2019 साली तिचे मेंदूविषयीचे निष्कर्ष आले: विसरभोळेपणाची सौम्य अवस्था कमी झाली, पण डिमेन्शियातली (स्मृतिभ्रंशातली) घट ठामपणे सिद्ध झाली नाही. आणि त्या चाचणीत मधुमेहाचे रुग्ण घेतलेच नव्हते. उभ्याने वरचा आकडा 110 च्या खाली जाणारेही वगळले होते. म्हणजे तो निष्कर्ष तुमच्या बाबांना जसाच्या तसा लागू होत नाही. विसरायला होत असेल तर बी-12 आणि कानांची तपासणी आधी करून घ्या. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-12 उतरतं, त्यात शाकाहारी असतील तर जास्तच.

पोटरीबळ: पायांकडे कोणी बघत नाही, म्हणून लिहितो. उभं राहिलं की अर्धा लिटरहून जास्त रक्त खाली उतरतं. ते वर ढकलायचं काम पोटऱ्या करतात. खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर, 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहतात ते मोजा. या वयाच्या पुरुषाला 11 पेक्षा कमी जमलं तर पाय कमजोर समजा. मग रोज दोनदा, दमतील त्याच्या थोडं अलीकडे थांबून, हाच व्यायाम. जेवणानंतर दोन तास मात्र नको. पहाटे उठण्याआधी पडल्यापडल्या घोटे वीसदा वरखाली, मग मिनिटभर काठावर बसून उठणं. दुपारी ताटात भात-पोळी कमी, तोच आहार दोनदा विभागून. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल तर उठण्याआधी दोन पेले पाणी लवकर प्यायचं. बडोद्याच्या मे महिन्यात हे विसरून चालणार नाही.

दांडियाबाजारकर: आज मोजलं. झोपून 142/78, 1 मिनिटाने 136/76. फारसं पडलं नाही. हात खाली सोडलेला होता.

नाडीपट्टा: तिथेच चूक. लोंबत्या हातात वरून रक्ताचा भार येतो, आकडा वाढतो आणि पडलेलं बीपी झाकलं जातं. हात कुणीतरी धरून छातीच्या मध्याशी ठेवा, बाबांनी स्वतः ताठ धरू नये. उद्या पहाटे पुन्हा.