ख्रिस्तातली मोकळीक: तुमची साक्ष लिहा

जय ख्रिस्त. गलतीकरांच्या मंडळीत वाद पेटला होता की परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांनी सुंता करून यहुद्यांचं नियमशास्त्र पाळावं का. प्रेषित पौलाने त्यांना लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात ठाम नकार दिला: ख्रिस्ताने मोकळं केलंय, पुन्हा दास्याच्या जोखडात मान घालू नका. त्याच अध्यायात तो पुढे म्हणतो, प्रीतीने एकमेकांचे दास व्हा. ही दोन्ही वाक्यं एकत्र जगायची कशी? उपदेश नको, घडलेलं लिहा.

वसईहून
लहानपणापासून देवाची धास्तीच होती. उपवासकाळात एक शुक्रवार चुकला तरी झोप यायची नाही. एकदा कन्फेशनला फादर म्हणाले, "हे पाप तू मागेही सांगितलंस. त्याची क्षमा तेव्हाच झाली." बाहेर येऊन बराच वेळ बाकावर बसून राहिले. उपवास आजही करते, आवडीने करते. वाचलेले पैसे शेजारच्या मावशींच्या औषधांना जातात.

पुण्याहून
माझी दारू एका प्रार्थनेत सुटली नाही. मंडळीतले दोघे भाऊ कामावरून सुटायच्या वेळी गेटवर येऊन थांबायचे आणि घरापर्यंत सोबत चालायचे. कित्येक महिने. कृपा म्हणजे काय, हे मला त्यांनी दाखवलं.

अहिल्यानगर जिल्ह्यातून
आमच्या पूर्वजांना गावच्या पाणवठ्यावर जायची बंदी होती. मिशनच्या देवळात मात्र प्रभुभोजनाला सगळे एका प्याल्यातून प्यायचे, हे आजी पुन्हापुन्हा सांगायची. आत्म्याची मुक्ती वेगळी आणि माणसासारखं वागवलं जाणं वेगळं, असं तिने कधी मानलं नाही. मीही मानत नाही. पण आज आमच्यातच सोयरीक जुळवताना "मूळचे कोण?" असं विचारतात. हे जोखड तर आपलं आपणच मानेवर घेतलंय, आणि त्याबद्दल देवळात कुणी बोलत नाही याचा मला फार त्रास होतो.

दौंडहून
आमच्या प्रार्थनासभेचे प्रमुख लग्न, नोकरी, घर, सगळं त्यांना विचारूनच करायला लावायचे. नाही विचारलं तर "आशीर्वाद जाईल." त्या काळात मला पंडिता रमाबाईंचा आधार वाटला. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे तिथल्या धर्मभगिनींनी आज्ञापालनाचा आग्रह धरला, तेव्हा त्यांनी कळवलं की भारतातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता तसलंच दुसरं घेणार नाही. आणि याच बाईंनी केडगावला दुष्काळातल्या निराधार मुली-बायकांसाठी जन्म वेचला! मी ती सभा सोडली. प्रभूला सोडलं नाही. आता रविवारी केडगावला उपासनेला जाते.

वसईहून, पुन्हा
अहिल्यानगरच्या दादा, तुमचं लिहिणं मनाला लागलं. आमच्या वधूवर नोंदणीच्या फॉर्ममध्येही समाजाचा रकाना आहे. येत्या बैठकीत तो काढायला सांगणार आहे. तुमच्यापैकी कुणी हे आपल्या मंडळीत करून दाखवलं असेल तर कसं केलंत, तेवढं लिहा.