क्रिएटिनिन ०.८२ वरून ०.९३: रेंजमध्ये आहे, पण झोप उडाली आहे. मदत हवी आहे

नमस्कार. वय ४४, स्त्री. शुगर नाही, बीपी नाही, कुठलंही औषध चालू नाही. दरवर्षी एकदा सगळ्या रक्ततपासण्या करून घेते. यंदाचा रिपोर्ट आल्यापासून चित्त थाऱ्यावर नाही, म्हणून इथे विचारते आहे. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

तीन वर्षांचं क्रिएटिनिन (रक्तातला टाकाऊ पदार्थ, किडनी नीट गाळत नसेल तर तो वाढतो) असं: ०.८२, ०.८६, ०.९३. त्याखाली छापून येणारा ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज: ९२, ८६, ७८. शिवाय यंदा एसजीपीटी (लिव्हरची तपासणी) ४३ आलंय, मर्यादा ४०, त्यामुळे त्याच्यापुढे ठळक 'एच'. डॉक्टरांनी पानं चाळली आणि "सगळं ठीक आहे, पुढच्या वर्षी या" म्हणाले.

रिपोर्ट रात्री साडेअकराला फोनवर आला होता. अंधारात, दोन बोटांनी पान मोठं करत मी तो ७८ बघत बसले. मग उठून जुने रिपोर्ट शोधले, वहीत तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि दरवर्षी सात कमी झाले तर साठच्या खाली कधी जाईन, याचा हिशेब मांडला. पहाटेपर्यंत तेच चाललं होतं.

हे असं का होतंय ते मला माहीत आहे. माझ्या वडिलांचं क्रिएटिनिन पाच वर्षांत १.१, १.२, १.४, १.७ असं चढत गेलं. दर वेळी "वयाप्रमाणे थोडं होतंच" एवढंच ऐकायला मिळालं. पुढे डायलिसिस. ते गेल्यावर कपाट आवरताना सगळे रिपोर्ट हाती लागले, वेगवेगळ्या फायलींमध्ये. कुणीच कधी ते कागद एकाशेजारी एक ठेवून पाहिले नव्हते. मीही नाही. त्यामुळे "रेंजमध्ये आहे" या शब्दांनी मला धीर येत नाही.

यंदाच्या रिपोर्टनंतर अकरा दिवसांनी मी पुन्हा रक्त दिलं. ०.८८ आलं. दोन दिवस फार हलकं वाटलं. मग खात्री करावी म्हणून आठवड्याने परत दिलं, तर ०.९४. घरचे आता चिडलेत आणि त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही.

मला कुणी एवढं समजावून सांगेल का, की आकडा किती हलला म्हणजे तो खरोखर बदलला असं मानायचं? जाणकारांनी कृपया लिहावं. "काळजी करू नका" एवढंच नको, ते मी स्वतःला रोज सांगते.

प्रतिसाद १

मी बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे ताई. ०.९३, ०.८८, ०.९४, हे तीन आकडे तीन आठवड्यांच्या आतले आहेत. एवढ्या दिवसांत किडनी आधी सुधारली आणि मग बिघडली, असं झालेलं नाही. हा तुमच्या क्रिएटिनिनचा नेहमीचा चढउतार आहे. निरोगी माणसातही ते आपलं आपण पाच टक्क्यांच्या आसपास हलतं. त्यात मशीनचा दोन-तीन टक्क्यांचा फरक धरा. म्हणून दोन रिपोर्टांमध्ये साधारण पंधरा टक्क्यांच्या पुढे फरक असेल, तर आम्ही तो गंभीरपणे घेतो. तुमचा ०.८२ ते ०.९३ हा सुमारे तेरा टक्के होतो. सीमेच्या अलीकडे आहे, पण जवळ आहे, म्हणून पुढेही बघायचं, एवढाच त्याचा अर्थ.

ईजीएफआर वेगळा मोजलेला नसतो. तो याच क्रिएटिनिनवरून वय आणि लिंग घालून सूत्राने काढतात. म्हणजे तुम्ही एकच बातमी दोनदा वाचताय, आणि दुसऱ्यांदा ती मोठ्या आकड्यात दिसते. ०.०७ चा फरक डोळ्यांना खुपत नाही, ८६ चे ७८ झालेले खुपतात.

दोन गोष्टी विचारते. तिन्ही वर्षं लॅब एकच होती का? क्रिएटिनिन मोजण्याच्या पद्धती दोन आहेत, जॅफे आणि एन्झायमॅटिक, आणि त्यांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. आणि अलीकडे व्यायाम वाढवलाय का? क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. एसजीपीटीही थोडं स्नायूंत असतं, जोरकस व्यायामानंतर काही दिवस वाढलेलं दिसू शकतं.

त्या 'एच'बद्दलही सांगते. निरोगी माणसांपैकी मधले ९५ टक्के ज्यात बसतात तीच बहुतेक वेळा रेंज म्हणून छापतात. म्हणजे प्रत्येक चाचणीत वीसपैकी एक धडधाकट माणूस बाहेर राहणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एकदम केल्या, तर शंभरातल्या चौसष्ट निरोगी माणसांच्या रिपोर्टवर कुठे ना कुठे खूण उमटेल.

प्रतिसाद २

वडिलांना शुगर होती का? लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) कधी तपासलं होतं?

धागालेखिका

हो, पंधरा वर्षं शुगर होती. लघवीची ती तपासणी एकाही फायलीत नाही.

आणि ताई, तुमचे दोन्ही अंदाज बरोबर आहेत. यंदा लॅब बदलली. आठ महिन्यांपासून वजनं उचलण्याचा व्यायाम करते, आणि रक्त दिलं त्याच्या आदल्या संध्याकाळीही केला होता. हे डॉक्टरांना सांगायचं मला सुचलंच नाही. त्यांनीही विचारलं नाही.

प्रतिसाद १

मग असं करा. तीन महिने थांबा. दीर्घकालीन किडनी विकार म्हणायलाही बिघाड किमान तीन महिने टिकलेला असावा लागतो, ते याचसाठी. तीन महिन्यांनी एकाच लॅबमध्ये, आधी तीन-चार दिवस व्यायाम बंद ठेवून, नेहमीसारखं पाणी पिऊन रक्त द्या. आदल्या रात्री मांसाहार नको, त्यानेही क्रिएटिनिन तात्पुरतं चढतं. सोबत लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर करा. ते तीसच्या खाली हवं. किडनीला इजा होत असेल, तर बऱ्याचदा क्रिएटिनिन हलायच्या आधी ते वाढतं. वडिलांच्या बाबतीत हीच तपासणी राहून गेली. तरीही शंका उरली तर डॉक्टरांना सिस्टॅटिन सी या किडनीच्या दुसऱ्या रक्ततपासणीबद्दल विचारा, त्यावर स्नायूंचा परिणाम फारसा होत नाही.

आणि वडिलांची गोष्ट डॉक्टरांना जरूर सांगा. रिपोर्ट शेजारी ठेवून बघण्याची तुमची सवय चांगलीच आहे, ती सोडू नका. फक्त दोन बिंदूंतला फरक म्हणजे कल नव्हे. त्यांचा आकडा पाच वर्षं एकाच दिशेने गेला आणि दीडपटीच्या वर गेला. तुमचा तीन आठवड्यांत वर-खाली-वर झालाय.

प्रतिसाद ३

मी थायरॉइडच्या बाबतीत यातून गेलोय. टीएसएच २.१ चं ३.० झालं म्हणून महिनाभर हैराण होतो. नंतर कळलं की ते रात्री आणि पहाटे जास्त असतं, दुपारकडे उतरतं. पहिलं रक्त दुपारी दिलं होतं, दुसरं सकाळी सातला. तेव्हापासून रिपोर्टवर रक्त दिल्याची वेळ स्वतःच्या हाताने लिहितो.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. वेळ लिहिण्याचं लगेच सुरू करते, सोबत आदल्या दिवशीचा व्यायामही. तीन महिन्यांनंतरची तारीख ठरवली आहे. फोनमधल्या पीडीएफ धाकट्या बहिणीला पाठवून माझ्याकडच्या पुसल्या. तारखेच्या दिवशी ती सगळे रिपोर्ट घेऊन माझ्याबरोबर डॉक्टरांकडे येणार आहे, बाबांची फाईलही आणणार आहे. निकाल आला की इथेच लिहीन.