परसातील गांधीलमाश्यांचे पोळे सुरक्षितपणे कसे काढावे?

प्रश्न : मखमलाबादची सून

आमचे घर मखमलाबादला एका जुन्या मळ्याच्या कडेला असून मागे मोठे परस आहे. गणपती बसले तेव्हा धुण्याच्या दगडावरच्या पत्र्याखाली लिंबाएवढे दिसणारे गांधीलमाश्यांचे पोळे आता, दिवाळी तोंडावर आली असताना, तळहाताएवढे झाले आहे. गेल्या मंगळवारी सासूबाई ओल्या चादरी वाळत घालत असताना त्यांना मनगटावर आणि कानामागे माश्या डसल्या. हात कोपरापर्यंत सुजला आणि दोन दिवस त्यांना भाकरी थापता आली नाही. काही वर्षांपूर्वी शेतात माशी डसली होती, तेव्हा एवढी सूज आली नव्हती, म्हणून मला अधिक काळजी वाटते. घरात चार वर्षांची मुलगीही आहे.

सासरे म्हणतात की काठीला रॉकेलचा बोळा बांधून पोळे जाळून टाकू, कारण त्यांच्या गावी तसेच करीत. पत्र्याला लागूनच सरपणाची रास असल्यामुळे मला ते पटत नाही. औषध फवारणाऱ्या एका माणसाला फोन केला, तर कोणती माशी आहे हे न विचारताच त्याने उद्या दुपारी येतो म्हणून सांगितले. मी त्याला थांबवले आहे. कृपया अनुभवी लोकांनी मार्ग सुचवावा.

उत्तर : दिंडोरीचा द्राक्षबागायतदार

ताई, जाळण्याचा विचार आधी सोडून द्यावा. पोळ्याला आग लागेपर्यंत निम्म्या माश्या उडालेल्या असतात आणि त्या थेट काठी धरणाऱ्याच्या तोंडावर येतात. शिवाय सरपण पेटले तर माश्यांपेक्षा मोठे संकट ओढवेल. दुपारी फवारणी करणेही चुकीचे आहे, कारण त्या वेळी अनेक माश्या बाहेर गेलेल्या असतात आणि परत आल्यावर चवताळून घराभोवती घोंघावत राहतात.

आमच्या बागेत शेडच्या पत्र्याखाली दरवर्षी अशी दोन-चार पोळी होतात. वावर नसलेल्या जागी असतील तर आम्ही त्यांना हातही लावत नाही, कारण ही माशी पानांवरच्या अळ्या उचलून आपल्या पिल्लांना खाऊ घालते. जिथे माणसांची ये-जा आहे तिथली पोळी मात्र काढावीच लागतात. अंधार पडून सगळ्या माश्या पोळ्यावर बसल्या की लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे भांड्यांचा पातळ साबण मिसळून ते पाणी फवारणी पंपाने लांबून, पोळे पूर्ण भिजेपर्यंत मारावे. साबणामुळे पाणी माशीच्या अंगावरून घरंगळून न जाता श्वासाच्या छिद्रांत शिरते आणि माशी खाली पडते. पूर्ण बाह्यांचे जाड कपडे, चष्मा आणि डोक्याला घट्ट बांधलेले उपरणे आवश्यक आहे. पोळ्याच्या बरोबर खाली उभे राहू नये, शिडीवर तर मुळीच चढू नये, आणि मागे पळायची वाट आधीच मोकळी करून ठेवावी. सकाळी रिकामे पोळे ज्या काळ्या देठावर लटकते तो देठही खरवडून काढावा.

हे सगळे फक्त लहान, उघड्या पोळ्यासाठी आहे. म्हणून आधी दोन दिवस लांबून पाहा : पोळ्याची षटकोनी घरे खालून उघडी दिसतात का, आणि परसात कुठे एखाद्या भोकातून माश्या आत-बाहेर करतात का?

प्रश्नकर्ती

आपण सांगितल्याप्रमाणे काल आणि आज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले. पत्र्याखालच्या पोळ्याची घरे उघडी दिसतात आणि त्यावरच्या माश्या बारीक, तांबूस आहेत. परंतु त्यांच्याहून बऱ्याच मोठ्या, काळ्या आणि पोटावर पिवळ्या-नारिंगी पट्टा असलेल्या माश्या कुंपणाच्या जुन्या दगडी भिंतीच्या पायथ्याशी एका बिळातून ये-जा करत आहेत. त्यांतली एक पत्र्याखालच्या पोळ्यावर येऊन बसली, तेव्हा लहान माश्या बाजूला सरकल्या.

उत्तर : प्राणिशास्त्राचा निवृत्त शिक्षक

तुमच्या वर्णनावरून ती पट्ट्याची मोठी गांधीलमाशी असावी. ती लहान गांधीलमाश्यांच्या पोळ्यांवर धाड घालून तिथल्या अळ्या पळवते. तुम्ही पाहिले ते बहुधा तेच. साबणाच्या पाण्याचा उपाय बिळासाठी वापरू नका, कारण आत किती माश्या आहेत आणि बिळाला दुसरे तोंड आहे का, हे बाहेरून कळत नाही. माती किंवा सिमेंट घालून ते तोंड आत्ताच बुजवणेही धोक्याचे आहे. कोंडलेल्या माश्या दुसरी वाट काढतात आणि कधीकधी ती घराच्या बाजूला निघते. भिंतीजवळ कुदळ चालवू नका, कारण नुसत्या हादऱ्यानेही त्या बाहेर येतात. एखादी माशी चिरडली तर तिच्या विषाच्या वासाने बाकीच्या चिथावल्या जातात.

हे काम संरक्षक पोशाख असलेल्या प्रशिक्षित माणसाकडूनच, अंधार पडल्यावर करून घ्यावे. बिळाच्या तोंडाशी भुकटीच्या रूपातील कीटकनाशक टाकले की माश्याच ती अंगावर घेऊन आत नेतात, आणि काही दिवस ये-जा पूर्ण थांबल्यावरच बीळ बुजवायचे असते. त्या माणसाला फोनवर हे विचारून पाहा. उत्तर नीट आले नाही तर त्याला बोलावू नका.

थंडीत माश्या आपोआप मरतील, असे परदेशी चित्रफितींमध्ये सांगतात. ते बर्फ पडणाऱ्या देशांचे झाले. निफाडचा पारा कितीही उतरला तरी आपल्याकडे पोळी हिवाळाभर टिकू शकतात, त्यामुळे वाट पाहत बसू नये.

उत्तर : पंचवटीतील एक डॉक्टर

सासूबाईंबद्दल लिहितो, कारण ते अधिक महत्त्वाचे आहे. डसलेल्या जागेपासून कोपरापर्यंत सूज येणे ही मोठी पण स्थानिक प्रतिक्रिया आहे. खरा धोका संपूर्ण शरीराच्या प्रतिक्रियेचा असतो : अंगभर गांधी उठणे, ओठ किंवा जीभ सुजणे, श्वास लागणे, उलट्या, भोवळ. यांतले काहीही दिसले तर घरगुती उपायांत एक मिनिटही न घालवता १०८ वर फोन करावा, कारण अशा वेळी अॅड्रेनालिनचे इंजेक्शनच जीव वाचवते. लक्षणे नसली तरी एकाच वेळी अनेक माश्या डसल्या असतील, तर रुग्णालयात जावेच. जास्त विषाने मूत्रपिंडांनाही इजा होऊ शकते.

साध्या दंशासाठी जागा साबणाने धुवावी, फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवावा आणि सूज चढण्याआधी बांगड्या व अंगठी काढावी. लोखंड चोळल्याने किंवा चुना लावल्याने कातडीखाली गेलेले विष उतरत नाही, आणि माती लावल्याने धनुर्वाताचा धोका वाढतो. मधमाशी डसली असेल तर तिची नांगी कातडीत रुतून राहते व विष सोडत राहते, म्हणून ती नखाने का होईना पण ताबडतोब काढावी. गांधीलमाशी सहसा नांगी मागे ठेवत नाही, त्यामुळे तीच माशी पुन्हा डसू शकते. सासूबाईंना एकदा ॲलर्जीच्या तज्ज्ञांना दाखवून घ्या.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या माणसाला नकार दिला. दुसऱ्याने येण्याआधी बिळाचे फोटो मागवले आणि बुधवारी रात्री जाड पोशाख घालून येऊन भुकटी टाकली. तोपर्यंत आम्ही सगळे दारे-खिडक्या लावून आत बसलो होतो. आज पाचवा दिवस आहे. बिळापाशी हालचाल नाही, तरीही गवंड्याला पुढच्या आठवड्यातच बोलावणार आहे.

पत्र्याखालच्या पोळ्याला साबणाचे पाणी मारायची वेळच आली नाही. मोठ्या माश्यांनी ते आधीच लुटले होते. घरांवरची पांढरी झाकणे फाटलेली होती आणि एकही माशी उरली नव्हती. सासऱ्यांनी लांब काठीने ते पाडले, देठ खरवडला, आणि सरपणाची रास स्वतःहून परसाच्या दुसऱ्या टोकाला हलवली. सासूबाईंची तपासणी सोमवारी आहे. तोवर धुणे वाळत घालायचे काम माझ्याकडे आहे.