जुनी एसयूव्ही घेताना चासीचा गंज कसा जोखायचा? (स्कॉर्पिओ २०१३ की बोलेरो २०१२)

होटगीकर
नमस्कार मंडळी. घरासाठी जुनी गाडी बघतोय आणि दोन गाड्यांवर येऊन अडकलोय. एक २०१३ ची स्कॉर्पिओ, एमएच ०८ पासिंग म्हणजे रत्नागिरीची, सध्या सोलापुरात डीलरकडे उभी आहे. वरून चकाचक, खालून सगळी काळीकुळकुळीत. दुसरी २०१२ ची बोलेरो, एमएच १३, मोहोळकडच्या शेतकऱ्याची, पहिल्याच मालकाकडे. तिच्या खाली वाकून बघितलं तर जिकडे तिकडे तांबूस. इंजिन मेकॅनिकला दाखवलं, दोन्ही ठीक म्हणाला. चासीचं, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याचं, विचारलं तर "आपल्या सोलापुरात कुठं गंज लागतोय" म्हणून मोकळा झाला.

कुठला गंज चालतो आणि कुठला बघून परत फिरायचं? ठोकून बघतात म्हणे, ते नेमकं कुठं? आणि काळा रंग मारलेला असेल तर आतलं कळणार कसं?

लोखंडी_लाड
मेकॅनिकचं म्हणणं सोलापुरातच वाढलेल्या गाडीपुरतं बरोबर आहे. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि वरून खारी हवा. मीठ ओल धरून ठेवतं, रंगाच्या चिरेतून आत शिरतं. गाडी कोरड्या गावात आली म्हणून चासीच्या पोटातलं मीठ निघून जात नाही.

रंगावर जाऊ नका, लोखंड किती उरलंय ते बघा. सायलेन्सर, मागच्या ॲक्सलचं हाउसिंग, प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा), ब्रेक डिस्कची कड हे दहा वर्षांच्या कुठल्याही गाडीत तांबडंच दिसणार, त्यात काही नाही. बोट फिरवल्यावर भुकटी लागते आणि खाली पृष्ठभाग सपाट आहे, तो वरवरचा गंज. पापुद्रे सुटत असतील तर तिथं थांबा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो फुगतो आणि जोडाच्या कडा उचलतो. पापुद्रा काढल्यावर खाली खड्डे दिसले तर तेवढी जाडी गेली. चासीचा पत्रा तीनेक मिलिमीटर असतो, तिथं थोडी झीज खपते. बॉडीचा फ्लोअर जेमतेम पाऊण मिलिमीटरचा, तो लगेच आरपार होतो.

बघायला जाताना टॉर्च, जाड स्क्रू ड्रायव्हर, छोटी हातोडी, तारेचा ब्रश आणि लोहचुंबक न्या. मोबाईलला जोडायचा वायरवाला कॅमेरा मिळाला तर फार उपयोग होतो. डीलरला आधीच सांगून ठेवा की गाडी धुवायची नाही आणि खालून ऑइल मारायचं नाही. वॉशिंग सेंटरला सर्व्हिसिंगनंतर जळकं ऑइल किंवा डिझेल फवारतात, मग गंज दोन महिने काळा आणि तुकतुकीत दिसतो. गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घ्या. नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरायचं नाही, कितीही घाई असली तरी.

सुरुवात मागून करा. पुढच्या भागाला इंजिनचं गळतं ऑइल लागून लागून आपोआप राखण होते. मागचा भाग चाकांनी उडवलेला चिखल खातो. मागच्या ॲक्सलवरून जाताना चासी वर उचललेली असते, तिथल्या खोबणीत गाळ बसतो. चासीचे दोन्ही लांब दांडे बरेचसे चारी बाजूंनी बंद असतात, म्हणजे पोकळ पेटीच. खालची पाणी निघायची भोकं चिखलाने बुजली की पाणी आतच राहतं आणि लोखंड आतून बाहेर खात सुटतं. बाहेरचा रंग शाबूत, आत पत्रा निम्मा, असं होतं ते त्यामुळे. त्या भोकांतून कॅमेरा घाला. कॅमेरा नसेल तर बोट घाला, चिखलाबरोबर तांबडे पापुद्रे हाताला आले तर समजून जा.

ठोकताना आधी पुढे, गिअरबॉक्सच्या आसपास, चांगल्या जागी ठोका म्हणजे कानाला चांगला आवाज कळेल. मग दर चार-पाच इंचांवर दांड्याच्या खालच्या आणि आतल्या बाजूला ठोकत मागे जा. टणटणीत वाजलं तर ठीक. आवाज भद्द आला किंवा आत काहीतरी झरझर पडल्यासारखं झालं तर तिथं स्क्रू ड्रायव्हर टेकवून तळहाताने जोर द्या. धडक्या लोखंडावर फक्त ओरखडा उठतो. टोक रुतलं तर पुढचं काही बघू नका.

स्कॉर्पिओत मागचे लिंक आर्म (मागचा ॲक्सल जागेवर धरणारे दांडे) जिथं चासीला धरतात ते ब्रॅकेट, शॉकॲब्झॉर्बरची वरची बैठक, बंपरजवळची शेवटची आडवी पट्टी, पुढच्या लोअर आर्मचे (पुढच्या चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मचे) ब्रॅकेट आणि बॉडी माउंट, म्हणजे बॉडी आणि चासीच्या मधल्या रबरांच्या वाट्या, एवढ्या जागा चुकवू नका. वेल्ड केलेल्या प्रत्येक खिशात चिखल साठतो.

ब्रेक पाईप विसरतात लोक. चासीला लागून जाणारे बारीक स्टीलचे पाईप प्लॅस्टिक क्लिपच्या खाली सडतात, बाहेरून दिसत नाही. क्लिप सरकवून बघा. नंतर इंजिन चालू ठेवून ब्रेक जोरात दाबून अर्धा मिनिट धरा. पेडल हळूहळू खाली जात असेल तर पाईप गळतोय किंवा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणारा) गेलाय. डिझेल टाकीचे पट्टे आणि भरायच्या नळीची मान पण बघा.

आता काळा रंग. जुना कोट मळकट असतो, दगडांनी उडालेला असतो. विकायच्या आधी मारलेला चमकतो, वास येतो, आणि त्याचे शिंतोडे रबर बुश, ब्रेक पाईप, नटबोल्टचे आटे, सायलेन्सरचा क्लॅम्प असे नको तिथं पडलेले असतात. जाड डांबरी कोट आवाज गिळतो, म्हणून तिथं हातोडीचं ऐकू नका. दोन-तीन जागी खरवडून बघायची परवानगी मागा. नाही म्हणाला तर ती गाडी सोडा.

सीनाकाठ
वरचं सगळं बरोबर, पण ठोकण्यावर फार भिस्त ठेवू नका. पेटीत चिखल गच्च बसला असेल तर चांगली चासी पण भद्द वाजते. शेवटचा निवाडा स्क्रू ड्रायव्हरचा.

बोलेरो शेतकऱ्याची आहे म्हणून सांगतो, तिच्यात गंज नुसता खालून नाही, वरूनही येतो. मागे खताची पोती टाकून नेतात. पोटॅश म्हणजे क्लोराईडच, मिठाचा भाऊ. युरिया हवेतली ओल ओढून घेतो आणि पोतं फाटलेलं असलं की दाणे मॅटखाली जातात. मागची सीट उचला, मॅट पूर्ण काढा आणि फ्लोअर जिथं चाकाच्या कमानीला मिळतो तो जोड बघा. पुढे पायाखालची मॅट पण उचला, खालचं नमदं दाबून बघा ओलं आहे का. मरगार्डच्या आत हात घालून कडेवरचा चिखल काढा. आपली काळी माती चिकटली की आठवडाभर सुकत नाही, उसाच्या पाटात फिरणाऱ्या गाडीला तर कायमच ओल. दरवाजाच्या खालच्या कडेची भोकं उघडी आहेत का तेही बघा. खालच्या पट्टीवर लोहचुंबक फिरवा, जिथं धरत नाही तिथं पुट्टी भरलीय.

बोलेरोला मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत. पाट्यांच्या मध्ये गंज फुगून पाटे एकमेकांपासून उचललेत का, शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी हलती कडी) हलतात का की जाम झालेत, आणि पाटे जिथं चासीला टांगलेत त्या ब्रॅकेटच्या वेल्डला चीर आहे का, एवढं बघितलं की पाट्यांचं झालं.

स्कॉर्पिओबाबत अजून एक. रत्नागिरी जिल्ह्यातली गाडी म्हटल्यावर जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आठवायचा. कोल्हापूर-सांगलीकडच्या गाड्यांना ऑगस्ट २०१९ आणि आता आपल्याकडच्यांना सप्टेंबर २०२५ चा सीना नदीचा पूर, हीच शंका घ्यायची. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला मातीची रेघ आहे का बघा. सीटच्या रुळांखालचे बोल्ट आणि डॅशबोर्डच्या आतले स्क्रू गंजलेले असतील तर पाणी सीटपर्यंत आलं होतं. डॅशबोर्डखाली पावसाचं पाणी सहसा पोचत नाही. विम्याच्या क्लेमचा इतिहास पण मागा.

होटगीकर
दोन्ही परत बघून आलो, स्क्रू ड्रायव्हर घेऊन. स्कॉर्पिओत उजव्या बाजूला मागच्या बॉडी माउंटजवळ चासीच्या खालच्या अंगाला टोक आत गेलं, दहा रुपयांच्या नाण्याएवढा भाग मऊ आहे. डीलर म्हणतो, "पट्टी मारून देतो, वर परत कोट करतो, काही होत नाही."

बोलेरोची चासी ठोकून, टोचून बघितली, भुकटी सोडून काही नाही. पण मागच्या मॅटखाली डाव्या कमानीच्या जोडाला करंगळी जाईल एवढं भोक आहे. मागच्या ब्रेक पाईपला पापुद्रे आहेत. शॅकल ठीक वाटले.

पत्रा_आणि_वेल्ड
स्कॉर्पिओ सोडा अण्णा. नाण्याएवढं भोक दिसतंय म्हणजे भोवतीचा वीतभर पत्रा आतून पातळ झालेला असणार. पातळ पत्र्यावर वेल्ड मारला की कड जळते, म्हणून वेल्डर पट्टी मोठी करत जातो. उष्णतेने पेटीच्या आतला उरलासुरला रंग जळतो आणि तिथं परत रंग पोचवायला जागा नसते, म्हणजे पुढचा गंज पट्टीच्या कडेनेच सुरू. त्यात दांड्याच्या खालच्या अंगाला आडवा वेल्ड पडला तर खड्ड्यात चासी वाकताना ताण नेमका त्याच रेघेवर येतो आणि तिथून चीर जाते. चांगला माणूस पट्टीची टोकं तिरपी कापून लांबट जोड करतो, सगळा सडका भाग कापून काढतो. विकायला काढलेल्या गाडीवर डीलर एवढं करत नाही.

बोलेरोचं भोक फ्लोअरचं आहे, चासीचं नाही, त्यामुळे करण्यासारखं आहे. भोकाच्या कडेने चकचकीत लोखंड लागेपर्यंत पत्रा कापायचा, एक मिलिमीटरचा तुकडा बसवून थोडं थोडं वेल्ड करायचं, सलग ओढलं तर पत्रा वाकतो. दोन्ही बाजूंनी एपॉक्सी प्रायमर, जोडावर सीलंट, मग रंग. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि ठिणगी कुठं पडतेय बघून डिझेल टाकी, पाईप, वायरिंग झाकायचं किंवा बाजूला घ्यायचं. नुसती पुट्टी किंवा एम-सील भरून देणाऱ्याकडे जाऊ नका.

ब्रेक पाईप मधे कापून जोड नको. टोकं फ्लेअर करून (पसरवून) पूर्ण लांबीचा नवा टाका, जमलं तर दोन्ही बाजूंचे एकदमच. ब्रेक ऑइल त्याच्या डबीच्या झाकणावर लिहिलेल्या डॉट ग्रेडचंच, आणि चारही चाकांच्या ब्रेक पाईपांतली हवा काढून घ्या.

चासीवरच्या भुकटीसाठी: खालून प्रेशरने धुऊन घ्या, पेटीची भोकं मोकळी करून आत पाणी सोडा आणि स्वच्छ पाणी बाहेर येईपर्यंत थांबा. दोन दिवस उन्हात पूर्ण वाळू द्या. सोलापूरच्या उन्हाचा एवढा तरी फायदा घ्या. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून सुटं सगळं काढा. उरलेल्या पातळ थरावर रस्ट कन्व्हर्टर (गंजाला टिकाऊ थरात बदलणारं रसायन), डब्यावर सांगितलेला वेळ जाऊ द्या, मग एपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि वर चासी ब्लॅक. कन्व्हर्टर पापुद्र्यांवर चालत नाही, तो वरच्या थरालाच लागतो आणि खाली गंज चालूच राहतो. पेटीच्या आत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं मेण) मारा, भोकं मात्र बुजवू नका. रबर कोट करायचाच असेल तर सगळ्यात शेवटी. सुट्या गंजावर तो मारला तर आतली ओल कोंडते. जळकं ऑइल कधीच नाही. त्याने बुश आणि इतर रबरं फुगतात आणि धूळ चिकटून चिखलाचा लेप होतो.

आरसीबुक
कागदांचं कुणी बोललं नाही म्हणून. चासी नंबर लोखंडावर ठोकलेला असतो. तो ब्रशने हलकेच साफ करून वाचा, आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा, फोटो काढून ठेवा. गंजाने अंक खाल्ला गेला असेल तर नावावर करताना आणि पासिंगला दोन्हीकडे अडणार. २०१२ ची खासगी गाडी म्हणजे नोंदणीची १५ वर्षं २०२७ मध्ये भरतात. तेव्हा नूतनीकरणाला गाडी आरटीओत तपासायला न्यावी लागेल आणि पर्यावरण कर पण भरावा लागेल. भाव ठरवताना तेवढं वजा धरा. आणि वरचं ग्राइंडरचं काम करायला द्याल तेव्हा कारागिराला नंबरची जागा आधी दाखवा, त्यावर मास्किंग टेप लावा. तिथं ग्राइंडर फिरला की नंबर गेला. काम झाल्यावर त्या जागेवर हाताने साफ करून ग्रीसचा पातळ हात द्या.